म्हसडोहाचा अहवाल

सोमवारी अकराच्या आत अहवाल टेबलावर हवा, असं पुष्पलता मॅडमनी फोनवर सांगितलं आणि मी ‘पण मॅडम’ म्हणेपर्यंत फोन ठेवलासुद्धा. मॅडम म्हणजे आमच्या ऑफिसातल्या माझ्या वरच्या साहेब. अहवाल हवा होता बोरीच्या पाड्यावरच्या म्हसडोहाचा. गुरुवारी पहाटे त्या डोहातले मासे मेले, झाडून सगळे. ते कोणी मारले हे पाड्याने त्याच सकाळी नऊच्या आत ठरवूनही टाकलं. रघ्याने गेळ टाकलं. आता सरकारी माणसाने तेवढं कागदावर उतरवून खाली सही करायची होती. तो सरकारी माणूस मी.

मी हेमंत, कृषी सहायक. जव्हारला राहतो, सहा गावं आणि त्यांचे पाडे मोटरसायकलवर फिरतो. माझं डोकं लवकर तापतं अशी माझी ख्याती आहे आणि ती खरी आहे. या प्रकरणात ते तापलं नसतं तर मात्र मला स्वतःचीच लाज वाटली असती.

गेळ हे आमच्या रानातलं काटेरी झाड. त्याचं वाळलेलं फळ कुटून साचलेल्या पाण्यात कालवलं की मासे गुदमरतात, तोंड वासत वर येतात आणि हाताने उचलता येतात. रघ्याला ही विद्या बापाकडून मिळाली. तरुणपणी ओढ्यातल्या डबक्यांत त्याने ती वापरलीही. म्हसडोहात कधीच नाही, कारण म्हसडोहाचा तो राखणदार. दिवाळीपासून डोह बंद होतो, कोणी साधा गळसुद्धा टाकायचा नाही. मग चैतात एक दिवस ठरवून सगळा पाडा एकदम पाण्यात उतरतो आणि घरटी वाटा पडतो. आजाऱ्याच्या घरीही वाटा जातो, जिला मागेपुढे कोणी नाही तिच्याही घरी जातो. राखणदाराला पहिला मासा हातात देतात, बाकी काही नाही. रघ्याने एकतीस वर्षं तो पहिला मासा घेतला आणि यंदा चैत पंधरा दिवसांवर असताना तोच चोर ठरला. अहवाल आला की त्याला डोहावरून उतरवायचं, त्याने पुन्हा पाण्यात पाय ठेवायचा नाही, असं पंचांचं ठरलं होतं.

मोगरा पाड्यावर कोणी आणला? मीच. चार वर्षांपूर्वी योजनेतून रोपं आणली, घरोघर फिरून लोकांच्या गळी उतरवली. अकरा घरांनी डोहाच्या काठाला, उतारावर मोगरा लावला आणि डोहात मोटारी सोडल्या. त्याआधी हीच माणसं दिवाळी झाली की पोराबाळांसकट भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. मोगऱ्याने ते थांबलं. रघ्याचा मुलगा धनेश थांबला, त्याची बायको रुपी थांबली, त्यांची पोरं शाळेत टिकली. माझी यशोगाथा छापून आली, फोटोसकट. फोटोत मी हसतोय.

खत मी झाडामागे मूठभर सांगितलं होतं. पण एका मुठीने एवढी कळी येते तर चार मुठींनी किती येईल, हे कळायला कुणाला शाळा लागत नाही. पाट भरून पाणी सोडायचे, झाडं पीत तेवढं पीत आणि उरलेलं युरियासकट उताराने पुन्हा डोहात. हे मला दिसत होतं. मी वहीत ‘पीक जोमदार’ लिहीत होतो. पीक जोमदार होतंच.

माघात डोहाचं पाणी हिरवं झालं. गुरं तोंड लावून मागे फिरायला लागली. मग एका पहाटे खेकडे आपणहून पाण्याबाहेर आले आणि खडकांवर बसले. थोडेथोडके नाही, खडक दिसेनात इतके. हात लावला तरी पळेनात. बायकांनी टोपल्या भरल्या, पोरांनी बादल्या. डोह बंद होता, पण बंदी माशाला, आणि खेकडा तर स्वतःच्या पायांनी जमिनीवर आलेला, त्याला कोण नाही म्हणणार! एकटा रघ्या काठावर उभा राहून ‘नका उचलू, काय तरी बिघाडलंय’ म्हणत होता. लोक त्याला हसले. चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी मी पाड्यावर गेलो तेव्हा रुपीने मला खेकड्याचं कालवण आणि नागलीची भाकरी वाढली. मी बोटं चाटली आणि पुन्हा वाढायला सांगितलं. शेतीची पदविका घेतलेला माणूस मी, माझ्या डोक्यात एवढंच आलं की यंदा खेकडा गोड आहे.

त्यानंतर आठवड्याने मासे मेले.

गुरुवारी मी पोचलो तेव्हा वास सुटला होता. वांब, शिंगटी, मुऱ्या, बोटाएवढी पिल्लं, सगळं पांढरं पोट वर करून काठाला लागलेलं. पंढरी तिथेच होता. अकरा प्लॉटांत सर्वांत मोठा त्याचा, आणि पंचांत बोलणाराही तोच.

“पायलं ना, साहेब? तोंडं बघ त्यांची. वासलेली. गेळ टाकल्याबिगर मासा असा वर येत नाय. आन् गेळ कोनाला येतं? लिही.”

“रघ्याबाबाने स्वतःच्या डोहात कशाला टाकावं?”

“म्हातारपणी हाव सुटते.”

“मग मासे इथे सडतायत कसे? चोराने चोरले तरी असते.”

यावर पंढरीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याचा मोगरा उपटला. मग म्हणाला, “तू लय शिकलेला हायेस, साहेब,” आणि निघून गेला.

रघ्या आपल्या अंगणात बसला होता. त्याला मी एवढंच विचारलं की हे काय वाटतं तुम्हाला. तो हळूच म्हणाला, “गेळानं खेकडा वर येत नाय, साहेब. गेळ माशाला लागतं. खेकडा बिळात गप बसतो. इथं तर पयले खेकडे आले, मंग मासा. पान्याचाच जीव गेलाय.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्याच क्षणी मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. पुस्तकात शिकलो होतो मी हे, परीक्षेत लिहिलंही होतं. खत पाण्यात गेलं की शेवाळ माजतं. दिवसा उन्हात ते पाण्यात प्राणवायू सोडतं, रात्री तोच ओढून घेतं, मरून सडलं की आणखी ओढतं. पहाटेपर्यंत पाण्यात काही उरत नाही. खेकड्याला पाय आहेत, तो बाहेर येतो. माशाला कुठे जायचं? तो वर येऊन तोंड वासतो, अगदी गेळ टाकल्यासारखा. खेकड्यांनी चार दिवस सांगितलं आणि आम्ही ते सांगणं भाकरीबरोबर खाल्लं.

जव्हारला माझा एक मित्र मत्स्यशेतीच्या तळ्यांची कामं करतो. त्याच्याकडून पाणी तपासायची पेटी आणली. साधं काम असतं. बाटलीत पाणी घ्यायचं, दोन औषधांचे थेंब टाकायचे. प्राणवायू असेल तर पाणी तपकिरी होतं, नसेल तर पांढरट गढूळ राहतं. शुक्रवारी पहाटे साडेपाचला डोहावर गेलो. पाड्यावर कोणी झोपलेलं नव्हतं, पण डोहावर यायला कोणी मोकळं नव्हतं. सगळे उतारावर मोगऱ्यात वाकलेले. कळी उमलायच्या आत खुडावी लागते, जीपने जव्हारला आणि तिथून दादरला जावी लागते. उमललेलं फूल कोणी घेत नाही. मी काठावरून ओरडलो, “अरे, दोन मिनिटं या! डोळ्यांनी बघा!” धनेश मान वर न करता म्हणाला, “जीप जाऊ दे, साहेब. मंग येतो.”

एकटा रघ्या आला. मी थेंब टाकले. पाणी पांढरं राहिलं, पेजेसारखं. रघ्याने बाटली हातात घेऊन उजेडाकडे धरली. त्याला काही समजावावं लागलं नाही.

पंचांनी बैठक ठेवली दुपारी चारला, समाजमंदिरात, कारण चारला सगळे मोकळे असतात. मी म्हटलं, पहाटेच दिसेल, दुपारी काही दिसणार नाही. पंढरी म्हणाला, “जे दुपारी दिसत नाय ते आमी कसं मानायचं?” बैठकीआधी सगळे डोहावर आले आणि माझ्याकडून त्यांनी पुन्हा थेंब टाकून घेतले. कडक ऊन, हिरवंगार पाणी, शेवाळ जोरात. बाटली झरकन तपकिरी झाली. इतका प्राणवायू आमच्या ऑफिसच्या नळालाही नसेल.

दोन्ही बाटल्या मी त्यांच्यासमोर धरल्या. पहाटेची पांढरी, दुपारची तपकिरी.

“म्हंजे सकाळचं पानी चांगलं,” पंढरी म्हणाला, “आन् दुपारचं घान.”

“उलट आहे! पांढरं म्हणजे मेलेलं. तपकिरी म्हणजे जिवंत.”

“मंग आता जिवंत हाय ना? मंग खतानं काय मारलं?”

लोक हसले. मी समजावायला गेलो की रात्री शेवाळ काय करतं. एका म्हातारीने विचारलं, “झाडपाला रातचा श्वास घेतो तर आमी पडवीत झोपतो ते कसे मरत नाय?” प्रश्न चांगला होता, पण माझं टाळकं सरकलं होतं आणि मी आवाज चढवला. आवाज चढवणाऱ्या सरकारी माणसाचं या मुलखात कोणी ऐकत नाही. तो कधीतरी जव्हारला परत जाणारच, हे सगळ्यांना माहीत असतं.

तरी मी बोललो. म्हटलं, मोगरा काढू नका, मी काढू देणारही नाही. खत निम्मं करा, पाट भरून पाणी सोडणं थांबवा, काठालगतच्या दोन ओळी उपटून तिथे वाळ्याचं गवत लावा म्हणजे खत अडेल. दोन ओळी! पंढरीने विचारलं, “आन् आमी नाय केलं तर मोटारी बंद करनार का?” मी म्हटलं ते माझ्या हातात नाही. तेवढंच सगळ्यांच्या कानात राहिलं. मोटारी. मी धनेशकडे पाहिलं. त्याच्या बापाला भर सभेत चोर म्हणत होते आणि त्याला ठाऊक होतं की डोहाला सर्वांत जवळचा प्लॉट त्याचाच. तो जमिनीकडे बघत काडीने रेघा ओढत राहिला. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. रघ्या शेवटच्या ओळीत बसला होता.

शनिवारी सुट्टी असूनही मॅडम ऑफिसात होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, बाटल्या दाखवल्या. त्यांनी माझं म्हणणं पूर्ण ऐकलं, हे कबूल केलं पाहिजे.

“हेमंत, तू सांगतोस ते बरोबर असेल. पण खत लिहिलंस की चौकशी लागेल आणि चौकशी लागली की सगळ्यात आधी मोटारी बंद. वरून आदेश येतो ना, त्यात अर्ध्या खताचं नि दोन ओळींचं काही नसतं. बंद म्हणजे बंद. अकरा घरं पुन्हा भट्टीवर.”

“आणि म्हाताऱ्याचं काय?”

“त्याला कोणी फासावर देत नाहीये. डोहाची राखण दुसरा कोणीतरी करेल.”

“राखायला आहे काय आता तिथे?”

त्या फाइल चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “ठिबकचा प्रस्ताव पाठव, पुढच्या वर्षी बघू. आणि एक सांग, यशोगाथेतला तो फोटो तुझाच ना?”

मी बाहेर आलो आणि मोटरसायकलला लाथ घातली. पायाचं नख काळं पडलं. मॅडम चुकीचं बोलत नव्हत्या, यानेच मला जास्त संताप आला.

रात्री बसून मी अहवाल लिहिला. खत, शेवाळ, खेकडे, दोन्ही वेळचं पाणी, सगळं. रोपं आणि खताची शिफारस माझीच होती, हेही. मोटारी बंद करू नयेत, खत निम्मं करून काठाला वाळ्याचा पट्टा सोडावा, असं ठळक लिहिलं. सही तेवढी राहू दिली. पाड्यावर जाऊन रघ्याला वाचून दाखवावं आणि मग करावी असं ठरवलं. त्याचं नाव कशात नाही, हे त्याच्या कानावर माझ्या तोंडून जावं एवढीच माझी इच्छा होती.

रविवारी सकाळी साडेआठला पोचलो. जीप नुकतीच गेली होती. रघ्या डोहाच्या काठावर सपाट खडकावर बसला होता, माझीच वाट बघत.

“काय लिवलंस?”

“खत लिहिलं, बाबा. तुमचं नाव नाही.”

मला वाटलं त्याचा चेहरा उजळेल. तो म्हणाला, “मंग मोटारी बंद.”

“तसं करू नका म्हणून मी लिहिलंय.”

“तुजं कोन ऐकतं, साहेब? पाड्यानं ऐकलं?” यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. “धनेसची मोठी चौथीला हाय. पाच वरसाची व्हती तवा भट्टीवर तिला गरम इटांचा चटका बसला. पोटरीवर डाग हाय, बघ कवा तरी. गेळ लिही. माजं नाव घाल.”

“मी खोटं लिहिणार नाही.”

“म्हातारा मानूस मी. डोहावरनं उतरवतील, उतरवू दे. मी घरात बसन.”

“बाबा, तुम्ही टाकलं नाही ते टाकलं म्हणून मी सही करणार नाही. मी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिणार. विषय संपला.”

मी हे फार ताठ्यात म्हणालो. इतक्या दिवसांत कुठेतरी आपण ठाम राहिलो याचा मला थोडा अभिमानही वाटला असेल. रघ्याने मान हलवली आणि कमरेच्या फडक्याची गाठ सोडली. आत गेळाची वाळलेली फळं होती, वीसपंचवीस. त्याने दगड घेतला आणि खडकावर ती कुटायला लागला.

“काय करताय?” मी ओरडलो. “बाबा, ठेवा ते!”

“खोटं नको ना तुला.”

मी त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला, हलकेच, आणि चुरा फडक्यात गोळा करून पाण्यात उतरला. गुडघ्यापर्यंत, मग मांड्यांपर्यंत. एकतीस वर्षं ज्या पाण्यात त्याने कोणाला गळ टाकू दिला नाही त्या पाण्यात त्याने ते फडकं बुडवलं आणि दोन्ही हातांनी पिळलं. इकडे पिळलं, तिकडे पिळलं. वांब जिथे राहते त्या जांभळीच्या मुळांपाशी जाऊन पिळलं. हिरव्या पाण्यावर फेस आला.

“पायलंस?” तो वळून म्हणाला. “मी टाकलं. तुज्या डोळ्यांदेखत. आता लिव.”

मी खडकावर बसलो. फेस विरला. आम्ही दोघेही पाण्याकडे बघत होतो. गेळ टाकल्यावर किती वेळाने मासा वर येतो हे मला माहीत नव्हतं, रघ्याला माहीत होतं. तो वेळ गेला. त्याच्यावर आणखी तेवढाच गेला. वर उतारावर कुणाची तरी मोटार सुरू झाली आणि पाटाला पाणी लागल्याचा आवाज आला.

मी पिशवीतून अहवाल काढला आणि शेवटी मोकळ्या राहिलेल्या जागेत लिहिलं: ‘रविवारी सकाळी डोहाचे राखणदार रघ्या यांनी माझ्यासमक्ष डोहात गेळ टाकले. अर्धा तास थांबलो. एकही मासा वर आला नाही.’ खाली सही केली, तारीख घातली. वरचं खताचं एक अक्षरही खोडलं नाही.

“लिवलंस?” त्याने विचारलं.

“लिहिलं.”

“माजं नाव?”

“आहे.”

त्याने समाधानाने मान हलवली. मी त्याला वाचून दाखवलं नाही. ते धाडस माझ्यात नव्हतं.

“या आता बाहेर, बाबा.”

तो आला नाही. मुळांपाशी वाकून पाण्यात बघत राहिला, हाताने शेवाळ बाजूला सारत. मग बोलला, माझ्याशी नव्हे बहुतेक.

“एखादा तरी असंल वाटलं व्हतं,” तो म्हणाला, आणि शेवाळ सारून पुन्हा खाली बघायला लागला.